टीम तुमची, स्टेडियम मनपाचं: भांडायचं कसं?

राजेहो, नागपुरात फुटबॉल क्लब विकत घ्यायचं तुम्ही मनावर घेतलं, फार छान झालं. कामठीच्या पोरांच्या पायात खेळ आहे, तुमच्या खिशात पैसा आहे. राहता राहिलं स्टेडियम. ते तुमच्याकडे नाही, हे उत्तमच. ज्याचं स्टेडियम स्वतःचं असतं त्याला टीम जिंकून दाखवावी लागते. ज्याचं महापालिकेचं असतं त्याला हरल्यावर सांगायला कारण असतं.

आपल्या शहरात तर चंगळ आहे. यशवंत स्टेडियम मनपाचं, मानकापूरचं क्रीडा संकुल राज्य सरकारचं, शिवाय जमिनीचा विषय निघाला की नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, आहेच. हिवाळी अधिवेशनात यशवंतपासून मोर्चे निघतात. त्या गर्दीत तुमच्या पाच-पन्नास चाहत्यांनी मनपाच्या नावानं घोषणा दिल्या तरी खपून जातील, मंडपाचाही खर्च नाही.

पण अभ्यास न करता भांडू नका. या विद्येची काशी म्हणजे इंग्लंडमधलं कोव्हेंट्री.

सुरुवात तिथल्यासारखीच करा. स्वतःची जागा असेल तर आधी विकून मोकळे व्हा. तिथल्या कोव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबचं हायफिल्ड रोड मैदान 1899 पासूनचं. नव्या, भव्य स्टेडियमच्या नादात ते विकलं. नवं रिको अरिना 2005 मध्ये उघडलं, 32 हजारांवर खुर्च्या. ते चालवणाऱ्या कंपनीत क्लबची निम्मी भागी होती. पैशांची ओढाताण झाली तेव्हा तीही एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकली. उरलेली निम्मी महापालिकेकडे. थोडक्यात, ज्याच्यासाठी मांडव घातला तो नवरदेवच तिथे भाडेकरू.

2007 च्या डिसेंबरात सिसू नावाच्या गुंतवणूक कंपनीनं हा क्लब घेतला. भाडं वर्षाला जवळपास 13 लाख पौंड. वर मॅचच्या दिवशी खाण्यापिण्याचे आणि पार्किंगचे पैसे दुसऱ्याच्याच गल्ल्यात. भाडं जबर होतं, यात वाद नाही. पण कमी करून घेण्यासाठी बोलणी वगैरे करणं हे लेच्यापेच्यांचं काम. 2012 मध्ये टीम घसरून तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये आली आणि मालकांनी भाडं भरणंच बंद केलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा हिशेब. स्टेडियमवाली कंपनी टेकीला येईल, मग स्वस्तात पदरात पडेल. महापालिकाही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं जानेवारी 2013 मध्ये त्या कंपनीला 1 कोटी 44 लाख पौंडांचं कर्ज दिलं. हे कर्जच बेकायदा म्हणून सिसू कोर्टात गेली. 2014 मध्ये हरली, अपिलात 2016 मध्ये पुन्हा हरली. दरम्यान भाडं बरंच खाली आणायची तयारी समोरून दाखवली गेली होती, पण तोवर दोघांनाही भांडणाची चटक लागलेली.

कंपन्या मात्र दोन ठेवा, नावं मिळतीजुळती. तिथे एक ‘लिमिटेड’ होती, दुसरी ‘होल्डिंग्ज लिमिटेड’. एकीचं दिवाळं निघालं तेव्हा खेळाडू नेमके कुणाच्या नावावर, हे शोधता शोधता दिवाळखोरीसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या नाकी नऊ आले. टीमचे गुण कापले गेले ते वेगळेच. अर्थात सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव मिरवणाऱ्यांना हे काय शिकवायचं.

आता खरी मजा. जमेना म्हणून 2013 मध्ये मालकांनी टीमच उचलून नॉर्थॅम्प्टनला नेली, 35 मैलांवर. म्हणजे नागपूरच्या टीमनं आपली ‘घरची’ मॅच भंडाऱ्याला खेळायची, आणि धंतोलीतल्या माणसानं कामावरून सुटून तिकडे पोचायचं. बरेच लोक गेलेच नाहीत. त्या हंगामात घरच्या मॅचला सरासरी अडीच हजार माणूससुद्धा नव्हतं. काही जण गेले, पण तिकीट काढलं नाही. त्या स्टेडियमच्या बाहेर गवताची टेकडी आहे. तिच्यावर उभं राहायचं, जेवढं मैदान दिसेल तेवढं बघायचं आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचं. टीमवर जीव, मालकाला दमडी नाही. तेव्हा भंडाऱ्यात मैदान ठरवताना शेजारी टेकडी नाही ना, हे स्वतः जाऊन बघा. असली तर त्या बाजूला हिरवी जाळी ताणून घ्या. एवढ्यानं भागणार नाही, लोक झाडावर चढतात.

मनपातल्या वाचकांनाही दोन शब्द. ‘हे स्टेडियम शहराचं आहे’ असं प्रत्येक बैठकीत म्हणत राहा. टीम सप्टेंबर 2014 मध्ये एकदाची घरी परतली आणि पुढच्याच महिन्यात कोव्हेंट्रीच्या महापालिकेनं आपली भागी वॉस्प्सला विकायचं ठरवलं. हा मूळचा लंडनकडचा क्लब, आणि तोही रग्बीचा! वर 250 वर्षांची लीज. आयत्या बिळावर नागोबा, बिळाचा पट्टा अडीच शतकांचा.

पुढचं नागोबाच्या कृपेनं. सिसूच्या केसेस थांबत नाहीत तोवर करार नाही, असं त्यानं सांगितलं आणि 2019 मध्ये टीम पुन्हा बेघर झाली. दोन हंगाम बर्मिंगहॅमला. परत आली तर 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच मैदानावर रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, भरवून गवताची अशी काही कणीक तिंबली की हंगामाच्या सुरुवातीला फुटबॉलच्या मॅच पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच ऑक्टोबरात खुद्द वॉस्प्सचं दिवाळं वाजलं. स्टेडियम उद्योगपती माईक ॲशलीच्या फ्रेझर्स ग्रुपकडे गेलं आणि डिसेंबरात क्लबच्या हाती जागा खाली करायची नोटीस पडली. मालक आणि महापालिका भांडत राहिले, बिऱ्हाड मात्र दर वेळी टीमनं हलवलं.

जानेवारी 2023 मध्ये क्लबला डग किंग नावाचा नवा मालक मिळाला. या माणसाच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ना त्यानं भाडं थकवलं, ना टीम परगावी नेली. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे मोजून स्टेडियम विकत घेतलं, विषय मिटला. असल्या मिळमिळीत माणसाची पेपरात चार ओळींच्या वर बातमी येते का?

तुम्ही आधी वकील धरा, मग कोच. हायकोर्टाचं खंडपीठ नागपुरातच असल्यानं मुंबईच्या चकरा नाहीत. मनपाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, हायकोर्टही सिव्हिल लाइन्सला. सकाळी आयुक्तांना निवेदन द्यायचं आणि त्याच ऑटोनं पुढे जाऊन याचिका टाकायची.