औशवित्झच्या सुईणीच्या नावावर हे काय खपवताय?

‘पोलंडच्या खेड्यातली एक अडाणी सुईण. हिटलरच्या छळछावणीत डॉक्टर नाही, औषध नाही, तरी तिने ३००० बाळंतपणं केली. एकही बाळ दगावलं नाही. क्रूर नाझी डॉक्टरही तिच्यापुढे झुकला. मग आजच्या बायकांना दवाखाने कशाला हवेत?’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. परवा तो माझ्या मावसबहिणीला आला. तिला सातवा महिना लागलाय, रक्तदाब वाढलेला आहे, आणि पाठवणाऱ्या नातेवाईक बाईंनी खाली लिहिलंय, ‘उगाच घाबरू नकोस, घरीच होतं सगळं.’ आता गप्प बसणं शक्य नाही.

ही सुईण खरी आहे. स्तानिस्वावा लेश्चिन्स्का. एप्रिल १९४३ मध्ये तिला मुलीसह औशवित्झ या नाझी छळछावणीत आणलं गेलं आणि तिचाच भाग असलेल्या बिर्केनाऊमधल्या बायकांच्या छावणीत तिने बाळंतपणं केली. १९५७ मध्ये तिने स्वतः त्याचा अहवाल लिहिला, तो १९६५ मध्ये पोलंडमध्ये छापून आला. तीन हजारांचा आकडा त्यातलाच. पण त्याच अहवालात त्या बाळांचं पुढे काय झालं तेही तिने लिहिलंय, आणि तेवढंच नेमकं गाळलंय.

सुमारे दीड हजार बाळं पिंपात बुडवून मारली गेली. हजाराहून जास्त थंडीने आणि उपासमारीने गेली. निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची काहीशे बाळं जर्मन म्हणून वाढवायला आयांपासून हिरावून नेली. छावणीतून जिवंत बाहेर पडली ती सुमारे तीस. तीन हजारांतली तीस! मे १९४३ पर्यंत जन्मलेलं प्रत्येक बाळ बुडवलं जात होतं. नंतर ज्यूंची बाळं बुडवणं चालूच राहिलं. हे काम क्लारा नावाच्या कैदी बाईकडे होतं. ती स्वतः जर्मन सुईण, बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली. पलीकडच्या खोलीतून पाण्याचा आवाज बाळंतिणीच्या कानावर येई. ज्यांना बुडवलं नाही त्यांच्यासाठी अन्नाचा शिधाच नव्हता, दुधाचा थेंबसुद्धा नाही. ‘एकही बाळ दगावलं नाही’ असं लिहिणारा माणूस त्या आयांचं दुःख पुसून टाकतोय आणि मारणाऱ्यांचा गुन्हाही झाकतोय.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. प्रत्यक्ष बाळंतपणात आई किंवा बाळ दगावल्याची एकही घटना आपल्या हातून झाली नाही, असं तिने छावणीच्या डॉक्टरला सांगितलं होतं. तिच्या अहवालात तसं आहे, आणि मी ते खोटं म्हणत नाही. पण बाळ जन्माला आलं म्हणजे वाचलं असं होत नाही, हे त्याच बराकीत दिसतं. बाळंतिणीसाठी बादलीभर पाणी मिळवायला वीसेक मिनिटं जात. लंगोटासाठी चादर मिळवायची तर आईने आपली भाकरी द्यायची. औषध नसणं हा तिथे निसर्गोपचार नव्हता, तो छळ होता. तो दाखवून रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला दवाखान्यापासून लांब ठेवणं हा शुद्ध अविचार आहे. वाढलेल्या रक्तदाबातून गरोदरपणी झटके येऊ शकतात, आणि तेव्हा औषध लागतं, फॉरवर्ड नाही.

‘खेड्यातली अडाणी’ हेही खोटं. ती वूज या मोठ्या गिरणीशहरातली. वॉर्सामधल्या सुईणींच्या शाळेतून १९२२ मध्ये रीतसर शिकून बाहेर पडलेली. शिकलेल्या बाईला अडाणी ठरवलं की शिक्षणाशिवाय सगळं जमतं हे सांगणं सोपं जातं.

आणि डॉक्टर झुकला? अहवालात तो म्हणतो की असं यश जर्मन विद्यापीठांच्या दवाखान्यांनाही मिळत नाही, आणि त्याच्या डोळ्यांत तिला राग आणि मत्सर दिसतो. यात झुकणं कुठे आलं? तिने मात्र बाळं मारायला साफ नकार दिला. हिरावून नेली जाणारी बाळं पुढे कधी आईला ओळखता यावीत म्हणून त्यांच्या अंगावर ती सहज लक्षात येणार नाही अशी गोंदणखूण करायची. जीव धोक्यात घालून केलेल्या या कामाचा त्या मजकुरात एका शब्दानेही उल्लेख नाही.