बांध धडधाकट आहे, तरी धोक्याचा वर्ग ‘उच्च’च

राम राम भाऊ,

तुमचा आक्षेप असा : सातपुड्याच्या पायथ्याशी, कृषी पर्यटनातल्या तुमच्या बोटिंगच्या तलावासारख्या तलावांना मी उगाच ‘उच्च धोका’ ठरवतो, बांधाला गळती नाही, आणि १० मीटरच्या आतल्या बांधाला धरण सुरक्षा कायदा लागूच नाही.

कायद्याचं बरोबर. २०२१च्या कायद्यात १५ मीटरवरची धरणं येतात, १० ते १५ मधली काही अटींवर. पण धोक्याचा वर्ग बांधाच्या तब्येतीवरून ठरत नाही. बांध फुटलाच तर खाली कोण सापडेल, यावरून ठरतो. तुम्हीच दिलेली मापं घेऊ : उंची ६ मीटर, साठा ६० हजार घनमीटर, नाल्याकाठी पाडा. बांधफुटीचा अंदाज देणाऱ्या फ्रोलिकच्या १९९५च्या सूत्रांनी फुटीचा विसर्ग सेकंदाला साधारण १४० घनमीटर, म्हणजे जवळपास ५ हजार क्युसेक येतो आणि भगदाड दहाएक मिनिटांत पडतं. सूत्र ढोबळ आहे, निम्मं धरा. तरी झोपलेल्या माणसांना वेळ मिळत नाही. त्यात तुम्ही मुक्कामाचे तंबू बांधाच्या पायथ्याशीच लावलेत!

आता सांडवा, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जायची वाट. बोटी चालाव्यात म्हणून सांडव्यात अर्धा मीटर वाळूच्या गोण्या रचल्याचं तुम्ही सहज लिहून गेलात. खरा घोळ तिथेच आहे. १० मीटर रुंद सांडव्यावर १ मीटर पाणी चढलं, तर सेकंदाला १७ घनमीटर जातं. गोण्यांमुळे चढायला अर्धाच मीटर उरला की ६. बाकीचं पाणी बांधाच्या माथ्याकडे जातं, आणि मातीचा बांध वरून पाणी वाहिलेलं सहसा सोसत नाही. मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली असेल तर पालापाचोळ्यानं ती पहिल्याच पुरात तुंबते. खान्देशात पाऊस कमी, हा युक्तिवाद इथे चालत नाही; सांडव्याला वर्षाची सरासरी नाही, दोन तासांची झड कळते.

‘गळती नाही’ याचंही ऐका. काळ्या मातीचा भराव मे महिन्यात वरच्या मीटरभरात तडकतो. एरवी पाणी तिथवर चढतच नाही, मग गळणार कुठून? पुरात चढतं. बांधाच्या लांबीला आडवे, म्हणजे तलावाकडून बाहेर जाणारे तडे सर्वांत वाईट. त्यात तार घालून खोली बघा. खोल असतील तर तळापर्यंत चर खणा आणि ओलसर माती १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवत भरा. वरून सिमेंटचं पाणी ओतू नका. घुशी-खेकड्यांची बिळंही तशीच. २०१९मध्ये तिवरे धरण फुटल्यावर खापर खेकड्यांवर फुटलं होतं. बिळं बुजवायची कुणी, हा प्रश्न मागेच राहिला.

पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल तर भांडं लावून रोज मोजा. गढूळ झालं, तर आतली माती वाहून चालली आहे. झरा चिखलानं दाबून बंद करू नका. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड टाका, खालची वस्ती हलवा आणि पातळी उतरवा. एरवी मात्र दिवसाला फूटभरच उतरवा, नाहीतर आतला उतार घसरतो.

तंबू हलवले आणि पाड्याची जोती पुराच्या रेषेवर असल्याचं लेव्हल लावून दाखवलंत, तर वर्ग खाली आणायला माझी हरकत नाही. गोण्या मात्र त्याआधी काढा.