‘शेजारी मी बसलो होतो ना’: एका मामाच्या युक्तिवादाचा प्रतिवाद

सध्या एक मजकूर अनेकजण एकमेकांना पाठवत आहेत. त्यात एक मामा सांगतो की, पंधरा वर्षांच्या भाच्याने फार हट्ट धरला म्हणून त्याने आपली ३०० अश्वशक्तीची गाडी त्याच्या हाती दिली. तो स्वतः शेजारी बसला, रस्ता मोकळा होता, काहीही बिघडले नाही आणि पोरगा खूश होऊन घरी आला. एवढ्यावर न थांबता मामा सहा मुद्दे मांडतो: वय हा केवळ आकडा आहे, शेजारी मोठे माणूस असले की पुरते, रस्ता मोकळा असला की धोका नसतो, ताकदवान गाडी उलट अधिक सुरक्षित असते, मुले चोरून चालवतात त्यापेक्षा हे बरे, आणि काही झालेच तर जबाबदारी आपण घेऊ. मजकूर प्रेमाने लिहिलेला आहे, हे मान्य करूनच त्याला उत्तर द्यायला हवे, कारण वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी असा एखादा भाचा किंवा पुतण्या आहेच.

मुद्द्यांकडे वळण्याआधी ‘काहीही बिघडले नाही’ या वाक्याबद्दल थोडे सांगतो. परवाना नसलेल्या मुलाने गाडी चालवली तर बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरेच आहे. अपघात प्रत्येक फेरीत होत नाहीत, म्हणूनच तर त्यांना अपघात म्हणतात. त्या एका फेरीत मुलाकडून चूक झाली नाही, किंवा झाली तेव्हा समोर कोणी नव्हते, एवढेच त्या फेरीवरून कळते. चूक झाली असती तर ती सावरायला किती वेळ मिळाला असता, याचे उत्तर मजकुरात कुठेही सापडत नाही.

वयाच्या मुद्द्यासाठी मामाने शर्यतीतल्या चालकांचा दाखला दिला आहे. मॅक्स व्हर्स्टॅपेनने २०१५ मध्ये मेलबर्नच्या शर्यतीतून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि त्याच्याकडे रस्त्यावर गाडी चालवण्याचा परवानाही नव्हता, हे खरे आहे. पण मामाने गोष्ट अर्ध्यावरच सोडली. लहानपणापासून कार्टिंग (छोट्या गाड्यांच्या शर्यती) केलेल्या, हेल्मेट आणि अग्निरोधक पोशाख घातलेल्या, बंद ट्रॅकवर एकाच दिशेने धावणाऱ्या त्या चालकाच्या बाबतीतही खेळाच्या नियामक संस्थेला वयाचा विचार करावा लागला. २०१६ पासून किमान वय १८ करण्यात आले आणि रस्त्यावरचा वैध परवाना असण्याची अट आली. पुढे २०२४ मध्ये असाधारण कौशल्य आणि परिपक्वता दाखवणाऱ्या १७ वर्षांच्या चालकासाठी अपवादाची वाट ठेवली गेली, पण तोही संस्थेच्या मर्जीवर. ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही, गल्लीतून चेंडूमागे धावणारे मूल येत नाही. मामाचा भाचा रस्त्यावर होता.

शिवाय वय म्हणजे हातापायांची चपळाई नव्हे. पंधराव्या वर्षी प्रतिक्षिप्त क्रिया उत्तम असतात, कित्येकदा मामापेक्षाही चांगल्या. मेंदूचा जो पुढचा भाग धोका तोलतो आणि आवेग आवरतो, त्याची वाढ मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळातून असे दाखवले की किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा समवयस्क बघत असताना अधिक धोका पत्करतात, तर प्रौढांमध्ये असा फरक पडत नाही. मामासमोर शहाण्यासारखी गाडी चालवणारा मुलगा मागच्या सीटवर दोन मित्र बसले की कसा चालवेल, हे मामासोबतच्या फेरीवरून कळू शकत नाही.

आता शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाबद्दल. मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेकांची समजूत इथेच पटते. यात तथ्यही आहे: देखरेखीखाली शिकत असण्याचा काळ तुलनेने सुरक्षित असतो आणि धोका सर्वाधिक वाढतो तो नव्या चालकाने एकट्याने गाडी बाहेर काढायला सुरुवात केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. पण ती देखरेख म्हणजे काय, हे पाहावे लागेल. जर्मनीत १७ व्या वर्षी सोबत्यासह गाडी चालवता येते, मात्र मुलाने आधी रीतसर परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि सोबती किमान ३० वर्षांचा व किमान पाच वर्षे परवाना असलेला असावा लागतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. मामाच्या पायाखाली पायपुसणे होते.

ज्यांनी कोणाला शेजारी बसून गाडी शिकवली आहे, त्यांना एक अनुभव सांगावा लागणार नाही: समोर काही आले की आपला उजवा पाय आपोआप गाडीच्या तळाला दाबला जातो आणि तिथे काहीच नसते. मग उरतात आवाज आणि हात. मामाला धोका दिसतो, तो ‘ब्रेक मार’ म्हणतो, मुलगा ते ऐकतो, समजून घेतो आणि मग त्याचा पाय हलतो. एका चालकाला लागणाऱ्या प्रतिक्रियेच्या वेळेच्या जागी इथे दोन माणसांच्या वेळेची बेरीज होते. हात घालून स्टिअरिंग ओढावे तर वेगात दिलेला तो हिसका मूळ चुकीपेक्षाही घातक ठरू शकतो. हँडब्रेक खेचावा म्हटले तर आजच्या अनेक गाड्यांत तिथे दांडी नसून एक छोटे बटण असते, आणि ते कोणत्या बाजूला आहे हे गडबडीत मालकालाही आठवत नाही.

नवख्या चालकाची सर्वांत ओळखीची चूक म्हणजे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे. घाबरलेला पाय आणखी जोरात दाबतो, कारण त्याला वाटत असते की आपण ब्रेकच दाबतो आहोत. उभ्या गाडीत असा पाय दोन सेकंद दाबलेला राहिला, तर शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग बारा सेकंदांत गाठणारी साधी गाडी सरासरीने ताशी १७ किलोमीटरच्या आसपास पोहोचते आणि साडेचार मीटर पुढे जाते. तोच वेग साडेपाच सेकंदांत गाठणारी गाडी तेवढ्याच दोन सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरवर पोहोचते आणि दहा मीटर पुढे जाते. साध्या गाडीत बंपर चेपतो आणि घरच्यांची बोलणी बसतात. दोन्ही गाड्यांचे वजन सारखे धरले तर दुसऱ्या गाडीचा धक्का सुमारे पावणेपाच पट ऊर्जेचा असतो, आणि मामाच्या तोंडून ‘अरे’ निघेपर्यंत तो बसून गेलेला असतो.

मोकळ्या रस्त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रस्ता मोकळा असतो म्हणूनच वेग वाढतो, आणि मोकळ्या दिसणाऱ्या रस्त्यावरचा सायकलस्वार किंवा जनावर हे अपवाद नसतात, तो रस्ता त्यांचाही असतो.

ताकदवान गाडी अधिक सुरक्षित असते, कारण तिच्यात ब्रेक चांगले, एअरबॅग अधिक आणि ‘पिकअप असला की संकटातून निसटता येते’, असे मजकूर म्हणतो. चांगले ब्रेक पाय पडल्यावर काम करतात, त्याआधी नाही. दीड सेकंद प्रतिक्रियेचा आणि कोरड्या रस्त्यावरचे चांगले ब्रेक धरून साधे गणित केले, तर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सुमारे ४५ मीटरमध्ये थांबते. त्याच जागी ताशी १०० किलोमीटरने आलेली गाडी नुकतीच ब्रेक लावू लागलेली असते आणि तिचा वेग अजून ९७ च्या आसपास असतो. हे अंतर एअरबॅग कमी करू शकत नाही, आणि घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणाही टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. एअरबॅगबाबत आणखी एक गोष्ट आहे. पाय पोहोचावेत म्हणून बुटका मुलगा सीट पुढे ओढतो, त्यामुळे त्याची छाती स्टिअरिंगच्या अगदी जवळ येते. पट्टा लावून पुरेशा अंतरावर बसलेल्या माणसाला वाचवणारी तीच एअरबॅग इतक्या जवळून फुटली तर इजा करू शकते.

आणि या गाड्या जर खरोखर नवख्यांसाठी सुरक्षित असत्या, तर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, रीतसर परवाना मिळालेल्या नव्या चालकांनाही त्या चालवण्यास मनाई केली नसती. तिथे मर्यादा आहे वजनाच्या प्रत्येक टनामागे १३० किलोवॅटची. मामाची गाडी १६०० किलोची धरली तर ३०० अश्वशक्ती म्हणजे टनामागे जवळपास १३८ किलोवॅट होतात. म्हणजे भाच्याकडे परवाना असता तरी त्या मर्यादेत ती बसली नसती. इटलीतही नव्या चालकांसाठी गाडीच्या ताकदीवर मर्यादा आहे.

पाचवा मुद्दा मला थोडा विचारात पाडणारा वाटला. मुले चोरून गाडी काढतात हे खरे, आणि लवकर शिकण्यात मुळात काही वाईट नाही. अमेरिकेच्या काही राज्यांत पंधराव्या वर्षीही शिकाऊ परवाना मिळतो. पण जिथे लवकर सुरुवात करू देतात तिथे पुढचे टप्पे लांबवलेले असतात. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली: आधी शिकाऊ, मग देखरेखीला कोणी नसताना रात्री किंवा सवंगड्यांना घेऊन चालवण्यास बंदी असलेला मधला टप्पा, आणि मग पूर्ण परवाना. मामाने यातले फक्त ‘लवकर’ तेवढे उचलले आणि पहिलाच धडा सर्वांत अवघड गाडीवर दिला. त्यातून चोरून गाडी काढणे थांबेल असेही नाही. ज्या मुलाला गाडीचा जोर एकदा पायाखाली जाणवला आहे, त्याला किल्ली कुठे टांगलेली असते हेही ठाऊक आहे. भाच्याला खरेच तयार करायचे असेल, तर त्याला शेजारच्या सीटवर बसवून, पुढे काय होऊ शकते हे मोठ्याने सांगायला लावावे: तो रिक्षावाला वळणार, त्या बसमागून कोणी उतरणार. हे कायदेशीर आहे आणि त्याने नजर तयार होते, जी तयार व्हायला हातापायांपेक्षा अधिक काळ लागतो.

राहिली जबाबदारी. दंड मामा भरू शकेल, न्यायालयात उभाही राहू शकेल, आणि चालकाकडे परवाना नव्हता या कारणावरून विमा कंपनीने हात वर केले तर नुकसानभरपाईसाठी घरही विकू शकेल. पण गाडी कोण चालवत होते या प्रश्नाच्या उत्तरात भाच्याचेच नाव लिहिले जाईल, आणि तो प्रसंग त्याच्याच डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येईल. पादचाऱ्याला बसणाऱ्या धडकेचा वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला तर त्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मामाच्या साऱ्या मजकुरात मामा आहे, भाचा आहे आणि गाडी आहे. त्या पादचाऱ्याचा उल्लेख एकदाही येत नाही, आणि त्याने आपली जबाबदारी मामाने घ्यावी असे मामाला कधी सांगितलेही नव्हते.