क्येश्लोफ्स्की म्हणता येत नाही? मग गप बसा

जळगावात राहून पोलंडचा सिनेमा बघायचा नाद असेल तर हे सल्ले ऐकून ठेवा. गेल्या रविवारी भर कार्यक्रमात फुकटात शिकून आलोय.

पहिलं म्हणजे सिनेमा बघूच नका, नाव पाठ करा. क्शिश्तोफ क्येश्लोफ्स्की, पोलंडचा दिग्दर्शक. सकाळी तोंड धुवायच्या आधी दहा वेळा. त्याच्या ‘डेकालॉग’ मालिकेचे दहा भाग म्हणजे जवळपास दहा तास, एवढा वेळ कोणाला आहे!

करिअरबद्दल कोणी विचारलं तर ‘मास्टर’ म्हणा आणि डोळे मिटा. हा बाबा आधी फायर ब्रिगेडच्या शाळेत गेला नि थोड्याच महिन्यांत पळाला, फिल्म स्कूलने त्याला दोनदा परत पाठवलं नि तिसऱ्यांदा घेतलं, मग कित्येक वर्षं कारखाना, दवाखाना, रेल्वे स्टेशन असल्या विषयांवर डॉक्युमेंट्र्या केल्या, ‘ब्लाइंड चान्स’ सिनेमा १९८१ला केला तो तिथल्या सरकारने १९८७पर्यंत दाबून ठेवला, हे असलं काही सांगू नका. नाहीतर भुसावळच्या एखाद्या पोराला वाटायचं, स्टेशन तर आपल्याकडेही आहे की भो.

रंगांच्या नावाचे त्याचे तीन सिनेमे आहेत, निळा, पांढरा, लाल. निळा पाहिला नसेल तर लाल आवडतो म्हणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा नाव चुकला की त्याचं वाक्य पुरं होऊ देऊ नका. रविवारी मागच्या बाकावरचा एक कॉलेजचा पोरगा उठला, म्हणे सर, किस्लोस्कीच्या तिन्ही रंगांच्या पिक्चरमध्ये कोणीतरी म्हातारं माणूस बाटली टाकायला येतं, हात डब्याच्या भोकापर्यंत पोचत नाही, निळ्यातल्या बाईचे डोळे मिटलेले, पांढऱ्यातला माणूस बघून हसतो, आणि लालमध्ये... झालं. भाषणाला बोलावलेल्या पाहुण्यांनी हात वर केला. “किस्लोस्की नाही हं.” मग दहा मिनिटं उच्चार. सगळ्या हॉलकडून म्हणवून घेतलं, नर्सरीसारखं. वर म्हणे तुमच्याकडे ळ पण नीट येत नाही ना, जळगावचं जयगाव करता. लोक हसले. मीही हसलो, तेच डोक्यातून जात नाही.

आणि हेच गृहस्थ पुढे फिल्म स्कूलच्या गावाला खुशाल ‘लोड्झ’ म्हणाले! ते ‘वूच’ आहे हो. रेघ मारलेल्या ‘एल’चा पोलिश लोक व करतात. म्हणजे त्यांनी ल चा व केला की कल्चर, आणि माझ्या आजीने केळीला केयी म्हटलं की गावंढळ?

खरं सांगू का, उपरोध गेला खड्ड्यात. चीड येते. लालमधली पोरगी जाऊन तिथल्या म्हातारीची बाटली आत ढकलते, तिन्ही सिनेमांत एकटीच उठते ती, आणि हे त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी हेरलं होतं, कोणाचं पुस्तक वाचून नाही. तुम्ही काय हेरलंत साहेब? एक स्पेलिंग. आणि आम्ही आयोजक पाहुण्यांना शाल देत बसलो, तो पोरगा चहाला न थांबता निघून गेला, त्याचं नावसुद्धा कोणी विचारलं नाही. उच्चार शिकवायला निघालेल्यांनो, शोधा आता त्याला. आणि सापडला तर दिग्दर्शकाचं नाव कसंही घे म्हणावं, आधी ते वाक्य पुरं कर.