पाणी वरच्याचं, भाडं मालकाचं

सुनेच्या मंगळागौरीला भाची आली होती. फुगड्या, झिम्मा सगळं झालं, बायका पांगल्या, आणि चपला घालता घालता हिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "मावशी, हे जरा बघतेस? काही विशेष नाहीये ना?"

वकिलाची नोटीस होती. थकलेलं भाडं दोन महिन्यांत भरा, नाहीतर जागा खाली करून घेण्याचा दावा लावू. पोहोच ४ जुलैची, तिच्याच सहीची. आणि तो दिवस १९ ऑगस्ट. शेहेचाळीस दिवस तो कागद तिच्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांखाली पडून होता. का, तर भाडं थांबवणं हा आपला हक्कच आहे, अशी तिची पक्की समजूत होती. ही समजूत कुठून आली? भिशीच्या ग्रुपवर फिरत आलेल्या एका मेसेजवरून.

तो मेसेज असा: "भाडेकरूंनो, जागे व्हा! शेजाऱ्यामुळे तुमच्या सामानाचं नुकसान झालं तर घरमालक जबाबदार. शांतपणे राहू देणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. भरपाई मिळेपर्यंत भाडं देऊ नका. मालक तुम्हाला काढू शकत नाही, केस दहा-पंधरा वर्षं चालते. फारच बोलला तर डिपॉझिटमधून वळतं करायला सांगा. २०२१च्या नव्या कायद्याने हा हक्क दिला आहे. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

इंदूरच्या दिवाणी कोर्टात मी सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा रीडर म्हणून, म्हणजे न्यायाधीशांच्या शेजारी बसून फायली आणि तारखा सांभाळणारी. मी वकील नाही. पण भाड्याच्या दाव्यांच्या फायली रोज हाताखालून जात होत्या, आणि "मी भाडं का थांबवलं" हे सांगणारे भाडेकरू पुढे कसे अडकतात ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे. म्हणून हा मेसेज वाचून डोकं तापलं.

आधी घडलं काय ते सांगते. भाची सुदामानगरच्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते आणि घरातच ब्लाऊज शिवते. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरचं कुटुंब ओंकारेश्वरला गेलं. निघताना टाकी रिकामी होती, नळाला पाणी नव्हतं, आणि स्वयंपाकघरातला नळ उघडाच राहिला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, हे इंदूरच्या लोकांना सांगायला नको. रात्री पाणी आलं, चौकीदाराने मोटर लावली, वरची टाकी भरली आणि नळ वाहायला लागला. सिंकच्या जाळीत भात अडकलेला होता. पहाटेपर्यंत पाणी पंख्याच्या हुकापासून खाली, थेट तिच्या कटिंगच्या टेबलावर. मशीनची मोटर गेली. आणि टेबलावर एकावर एक रचलेल्या सात जणींच्या कापडांत लाल खण वर होता, त्याचा रंग खालच्या मोतिया रेशमात उतरला. ते कापड मी पाहिलं. घडीच्या प्रत्येक पदरावर एकाच जागी डाग, आत आत जाताना फिकट होत गेलेला. तिचं नुकसान खरं आहे आणि राग रास्त आहे. पण तो राग मेसेजने भलत्याच माणसावर वळवला. वरचा फ्लॅट वेगळ्या मालकाचा, आणि तिथे तो स्वतःच राहतो. भाचीच्या मालकीणबाईंचा त्या नळाशी, त्या सिंकशी काडीचाही संबंध नाही.

आता मेसेजकडे येते. "मालक तुम्हाला काढू शकत नाही" हे वाक्य सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच.

मध्य प्रदेशात मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ हा कायदा आहे. त्याचं बारावं कलम भाडेकरूला संरक्षण देतं, हे खरं. मालकाला वाटेल तेव्हा काढता येत नाही, कलमात दिलेल्या कारणांपैकी एखादं असावं लागतं. पण त्या कारणांच्या यादीत पहिलंच कारण कोणतं, तर थकलेलं भाडं. मागणीची नोटीस हाती पडल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी दिली नाही किंवा देऊ केली नाही, तर मालक दावा लावू शकतो. म्हणजे ज्या कायद्याच्या जोरावर हा मेसेज छाती काढतो, त्याच कायद्याचं दार भाडं थांबवणारा आपल्या हाताने उघडून देतो.

पुढचं तेरावं कलम बहुतेकांना दावा लागेपर्यंत ठाऊकच नसतं. समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात सगळी थकबाकी कोर्टात जमा करायची किंवा मालकाला द्यायची, आणि त्यानंतर दावा चालेल तोवर प्रत्येक महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरत राहायचं. कोर्टात त्याला सी.सी.डी.त, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या ठेवीत, जमा करणं म्हणतात. ते चुकलं, तर त्याच कलमाच्या सहाव्या पोटकलमाखाली जागा खाली करण्याविरुद्धचा तुमचा बचावच काढून टाकण्याचा अधिकार कोर्टाला आहे. बचाव काढून टाकला म्हणजे काय, हे मी पाहिलं आहे. माणूस तारखेला येतो, हातात पाण्याने फुगलेल्या सामानाचे फोटो असतात, प्लंबरची चिठ्ठी असते, आणि साहेब विचारतात, "भाडं भरल्याचं चलन कुठे आहे?" चलन नसतं. त्याचं खरंखुरं गाऱ्हाणं मग बाजूलाच राहतं.

वेळेवर सगळं भरलं तर थकबाकीच्या कारणावरून निकाल लागत नाही, एवढी दया कायदा दाखवतो. पण ती सवलत एकदा घेतली आणि नंतर पुन्हा सलग तीन महिने भाडं चुकवलं, तर दुसऱ्यांदा मिळत नाही.

राहता राहिली "दहा-पंधरा वर्षं". दिवाणी दावे लांबतात, खोटं कशाला बोलू. पण लांबला तरी भाडं दर महिन्याला कोर्टात भरावंच लागतं, वर वकिलाची फी आणि तारखांचे खाडे. शिवाय भाचीच्या मालकीणबाई विधवा आहेत. १९८३ साली या कायद्यात तिसरं-अ प्रकरण घातलं गेलं. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, दिव्यांग अशा मालकांना स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा हवी असेल तर ते भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात, आणि तिथे भाडेकरूला बचाव मांडण्यासाठीसुद्धा आधी परवानगी मागावी लागते. त्या बाईंचा मुलगा बाहेरगावाहून परत यायचं म्हणतो आहे. अशा बाईशी उगाच वाकडं घ्यायला हा मेसेज सांगतो!

आता "शांतपणे राहू देणं मालकाचं कर्तव्य". हे संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या १०८व्या कलमातून उचललं आहे, आणि अर्धंच उचललं आहे. भाडेकरूने ठरलेलं भाडं दिलं आणि आपल्या अटी पाळल्या, तर त्याला मुदतभर विनाव्यत्यय जागा वापरता येईल, असं ते कलम सांगतं. वाक्याची सुरुवातच भाडं दिलं तर अशी आहे. शिवाय ते जागेच्या ताब्याबद्दल आहे. मालकाने किंवा त्याच्या वतीने कोणी तुम्हाला हुसकावू नये, यासाठी. वरच्या मजल्यावरचा माणूस नळ बंद करायला विसरणार नाही, याची हमी त्यात कोणी घेतलेली नाही.

हे भाचीला पटत नव्हतं. "पण घर तिचं आहे ना मावशी?" मग मी तिला विचारलं, "अगं, ती सात कापडं कुणाच्या घरात भिजली? तुझ्या. गिऱ्हाइकांनी उद्या म्हटलं, तुझ्या घरात होती म्हणजे तूच जबाबदार, आम्ही शिलाई देणार नाही, तर?" ती गप्प झाली. कायदा तिलासुद्धा असं धरत नाही. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्याने साधारण शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यायची, ती घेतली असेल तर नुकसानीला तो जबाबदार नाही, हे करार अधिनियम, १८७२ च्या १५१ आणि १५२ कलमांत लिहिलं आहे. ज्याची हयगय, त्याच्यावर भरपाई. तिला जो न्याय, तोच मालकीणबाईंना.

मेसेजात एक अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना, मान्य करते. भाड्यातून पैसे कापता येतात, अशी तरतूद आहे. त्याच १०८व्या कलमात म्हटलं आहे की जी दुरुस्ती करणं मालकावर बंधनकारक आहे, ती त्याने सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करून घ्यावी आणि तो खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. पण अटी मोजा. दुरुस्ती घराची, सामानाची नाही. ती मालकाच्याच अंगावरची. आधी सूचना, मग वेळ, मग प्रत्यक्ष केलेला खर्च, बिलासकट. आणि तेवढाच कापायचा, अख्खं भाडं नाही. तसंच पाणी मालकाच्याच कुजलेल्या पाइपातून आलं असतं, तुम्ही महिनाभर आधी लेखी सांगितलं असतं आणि त्याने कानाडोळा केला असता, तर तुमचं भांडण मालकाशी, आणि तिथे मी तुमच्या बाजूने उभी राहीन. तरीसुद्धा भाडं भरत राहा आणि भरपाई वेगळी मागा.

बाकीचं पटकन उरकते. डिपॉझिट: ते जागा सोडताना हिशेब करण्यासाठी असतं. करारात तसं लिहिलं नसेल तर चालू भाडं त्यातून वळतं करून घ्यायला मालक बांधलेला नाही. २०२१चा कायदा: केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केला तो आदर्श भाडेकरू कायदा, म्हणजे नमुना. राज्याने त्यावरून आपला कायदा केला तर लागू, नाहीतर कागद. आणि त्या नमुन्यातही भाड्यातून कपात आहे ती मालकाने न केलेल्या दुरुस्तीसाठी, आणि तीही महिन्याच्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त नाही. शेजाऱ्याने भिजवलेल्या सामानाबद्दल त्यात असा काहीही हक्क नाही. कोणीतरी ग्रुपवर "पोलिसात द्या" असंही लिहिलं होतं. मुद्दाम किंवा समजूनउमजून केलेलं नुकसान असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३२४ कलम लागतं. विसरलेला नळ त्यात बसत नाही.

मग करायचं काय? ज्याचा नळ, त्याच्याकडे जायचं. वरच्याला तारीख-वार घालून रजिस्टर पत्र, सोबत फोटो, मोटरच्या दुरुस्तीचं बिल, कापडांच्या किमती. "भाभीजी, गलती हो गई" असा त्याचा मेसेज भाचीच्या फोनमध्ये आहे आणि तो लाखमोलाचा आहे. तो पुसू नको, हे मी तिला तीनदा सांगितलं. वस्तूच्या नुकसानीच्या दाव्याला मुदत कायद्याने तीन वर्षं आहे, तेव्हा एप्रिलचं ऑगस्टात मागितलं म्हणून काही बिघडत नाही. कोर्टात जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं. आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. हे त्या मेसेजमध्ये नव्हतं. भिशीतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. खरं तर ग्रुपवर फिरवावं असं हे होतं.

विम्याचंही सांगून ठेवते. भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचा विमा काढता येतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान धरलेलं आहे. धंद्याच्या मालाला मात्र ती लागत नाही, तेव्हा घरून काम करणाऱ्यांनी आधी नीट विचारून घ्यावं.

भाचीचं सांगायचं तर, मे ते ऑगस्टचे चार महिन्यांचे ३६,००० रुपये तिने २८ ऑगस्टला बँकेतून मालकीणबाईंच्या खात्यावर भरले. मोठी रक्कम होती. तिच्या आईने भिशीची उचल दिली. नोटिशीला वकिलाकडून उत्तर गेलं, त्याला बँकेची पावती जोडली. मालकीणबाई अजून नीट बोलत नाहीत, पण दाव्याची भाषा थांबली आहे.

वरच्याने पत्र मिळाल्यावर मोटरचे पैसे दिले. कापडांवरून तो घासाघीस करतो आहे, म्हणतो दोन कापडांचेच देईन. ती प्राधिकरणात अर्ज करणार आहे. परवा फोनवर विचारत होती, "मावशी, ते मोतिया रेशीम एकदा रिठ्याच्या पाण्यात घालून बघू का, डाग निघेल कदाचित." मी म्हटलं, हात लावू नकोस. ते कापड तसंच, घडीसकट, पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेव.