मंगळवारचा तो मेसेज चुकीचा होता

मंगळवारी घरच्या ग्रुपवर मीच एक मेसेज पुढे ढकलला: ‘समलिंगी असणं हा आजार आहे, गुन्हाही आहे, पण औषधाने तीन महिन्यांत बरा होतो.’ नीट न वाचता ढकलला, चूक माझीच. आता तो साखर पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत फिरतोय.

गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला नवतेजसिंग जोहर खटल्यात सज्ञानांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. न्यायालयाच्या संकेतस्थळावरचं निकालपत्र काल चाळलं. (लग्नाला मान्यता मात्र २०२३च्या निकालातही मिळाली नाही.) जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी असणं आजारांच्या यादीतून १९९०लाच काढलं. आणि ‘बरं करून देतो’ म्हणणं? २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग त्याला डॉक्टरचं गैरवर्तन मानतो.

मेसेजखाली मामींनी हात जोडले, काकांनी अंगठा दिला. दहा मिनिटांत घरातलं एक पोरगं ग्रुप सोडून गेलं. का, ते कुणी विचारत बसू नका. मी कडक भाकरी अन् शेंगाचटणी घेऊन गेलो, माफी मागितली, चहा पिऊन आलो.

ज्यांनी ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी तिथून काढा आणि त्याच जागी हा खुलासा टाका.