आलू, शालू आणि मी

भाचीच्या लग्नात 'संगीत' ठेवलंय म्हटल्यावर मी पेटीवाला ठरवू का, असं विचारलं. तरुण मंडळींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून कळलं की संगीतात आता गायचं नसतं, नाचायचं असतं. आम्हा नवरा-बायकोच्या वाट्याला आलं 1997 च्या 'मिस्टर अँड मिसेस खिलाडी'मधलं गाणं: 'जब तक रहेगा समोसे में आलू, तेरा रहूँगा ओ मेरी शालू.'

पावलं कशीबशी जमली असती, पण बायकोला आधी अर्थ हवा होता. तिची सगळी नोकरी बँकेत, कर्जखात्यात गेलेली.

"म्हणजे तारण बटाटा?"

"अगं, उपमा आहे ती. जुन्या ताम्रपटांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' लिहायचे ना, तसंच."

"चंद्रसूर्य कुणाला बदलता येत नाहीत. बटाटा महागला की हलवाई उद्या मटार भरेल. मग?"

कोपऱ्यातून आई म्हणाली, "शालूचं म्हणतोय ना तो? बरोबर आहे. आमच्या वेळचे शालू टिकायचेच तसे." शालू ही बाई आहे, हे पटवायला दहा मिनिटं गेली. पटल्यावर तिने विचारलं, "कुणाची?" ते जास्त अवघड गेलं.

गाणं मराठीत करून सांगावं म्हटलं, तर बटाट्याला यमक सुचलं फक्त 'टाटा'. शपथ घेता घेता निरोपच!

मग मी ज्ञान पाजळलं. नको होतं पाजळायला. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तुघलकाच्या दरबारातल्या समोशाचं वर्णन केलंय. आत खिमा, बदाम, पिस्ते. बटाटा आला फार नंतर, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपला 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज.

"म्हणजे समोसा इतकी शतकं बटाट्याशिवाय मजेत होता," बायको म्हणाली. 'मजेत'वर जरा जास्तच जोर होता.

"पण आता तर त्यांचं पक्कं जमलंय!"

"जमलंय. बिहारात लालूंच्या नावानेही हीच घोषणा होती. 2005 मध्ये सत्ता गेली. बटाटा आहे तिथेच आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाच शिकवणारा पोरगाही मोबाइलमध्ये बघत बसला होता; त्याला बहुधा पहिल्यांदाच गाण्याचे शब्द ऐकू येत होते.

तेवढ्यात केटररकडून चवीला समोसे आले. गरम, खुसखुशीत, छान तिकोनी. बायकोने एक उचलला, कोपरा मोडला आणि चष्मा वर करून आत पाहिलं. पनीर आणि मका.

तिने तो माझ्या बशीत ठेवला. "घ्या. मुदत संपली."

"नूतनीकरण होतं का?" मी विचारलं.

"आधी ती तिसरी स्टेप जमवा."